शेवटच्या पोत्यातलं मीठ आणि माझी खालची दाढ

"हालू नको सांगते! हाललास त थोबाडीत दीन!"

माझी आय माझ्या छातीवर एक कोपर रोवून ओरडत होती. दुसऱ्या हातात तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी होती. आणि थोबाडीत देणार होती ती कुठल्या गालावर, तर ज्याला शेक चालला होता त्याच. तो गाल तोपर्यंत इतका सुजला होता, की आमच्या सोसायटीतली मुलं त्याच्या सावलीत कॅरम खेळली असती.

"आई, बास करा आता! कातडी लाल झालीये त्यांची!" स्वयंपाकघराच्या दारातून सुजाता ओरडली. सुजाता म्हणजे माझी बायको.

"लाल व्हायलाच पायजे. पिकंल, फुटंल, मोकला होईल. आमी मिठागरातली माणसं हाय, आमाला नको शिकवू मीठ!"

"तुमच्या मिठागरावर आता विमान उतरतं, आई!"

"उतरू दे! मीठ माझ्या गॅलरीत हाय!"

दोघींना गप्प करायला मी तोंड उघडायला गेलो. ते उघडलं नाही. जबड्याला कुणीतरी बाहेरून कडी घातली होती. पुन्हा जोर लावला. दातांत एवढीशी फट पडली आणि कानापासून गळ्यापर्यंत अशी कळ गेली, की मी आयचा हात, पुरचुंडी आणि पलंगावरची उशी असं सगळंच उडवून दिलं.

मग घरात शांतता झाली. आमच्या घरात शांतता झाली की खालचा वॉचमन वर बघायला येतो.

माझं तोंड

हे तोंड साधं नाही, एवढं आधी सांगून ठेवतो. पनवेलपासून उरणपर्यंत गावोगाव टेनिस बॉलच्या मॅचेस होतात, त्यांत मी कॉमेंट्री करतो. लग्नाच्या हळदीला माइक माझ्याच हातात असतो. 'दामूशेठ आले' म्हटलं की डीजेवाला स्वतःहून आवाज कमी करतो. एकदा सीमारेषेबाहेर पडलेला चेंडू माझ्या आरोळीने घाबरून आत परत आला, असं लोक सांगतात. लोकांना ते मीच सांगितलंय, पण आता तेच मला सांगतात.

तर अशा माणसाची डावीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ किडली.

सुरुवात थंड उसाच्या रसाने झाली. भर ओव्हरमध्ये एक घोट घेतला आणि माइकवरून असा ओरडलो की अंपायरने बॅट्समनला आऊट दिला. पुढे गरम चहाही सोसेना. आडवं पडलं की दाढेत कुणीतरी ढोल बडवायला बसायचं. लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या झाल्या. सुजाताने गावातल्या दाताच्या डॉक्टरणीकडे दोनदा नंबर लावला. दोन्ही वेळा माझी मॅच निघाली. एकदा खरीच होती.

आणि मग एका सकाळी उठलो तर काहीच दुखेना. फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली. काही नाही. बर्फ चावला. काही नाही! मी घरभर नाचलो. त्या रविवारी दोन डावांच्या मध्ये माइकवरून जाहीर केलं, "मंडळी, दाढेने दामूशेठपुढे शरणागती पत्करली आहे!" टाळ्या पडल्या. आय म्हणाली, मिठाच्या गुळण्यांचा गुण. मी म्हटलं, असेल.

हे मी ज्या दाढदुखीवाल्यांसाठी लिहितोय, त्यांच्यापैकी कुणी आत्ता नेमकं याच आनंदात असेल, तर त्याने वाचन इथेच थांबवून नंबर लावावा. दाढ दुखायची थांबते याचा अर्थ ती बरी झाली असा नसतो. तिच्या आतली नस मेली असाही असू शकतो. मेलेलं ओरडत नाही, पण ते कुजत असतं. मला हे कळलं तेव्हा मी माइकवरून टाळ्याही घेऊन मोकळा झालो होतो.

पोतं

आता मिठाचं सांगायला हवं, नाहीतर आय तुम्हाला उगाच आडमुठी वाटेल.

आमचं घराणं मिठागराचं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यांत खेळवायचं, उन्हाला सोडून द्यायचं, मीठ ओढायचं. आयने पायाला भेगा पडेपर्यंत हेच केलं. विमानतळात जमीन गेली, पैसे आले, टॉवरमध्ये फ्लॅट आला, दारात कुंडी आली. शेवटच्या हंगामाचं मीठ उचललं तेव्हा आयने एक पोतं बाजूला काढलं आणि टेंपोत स्वतः त्याच्यावर बसून इथे आणलं. तेव्हापासून ते गॅलरीत उभं आहे. करडं, खडं, ओलसर मीठ. दृष्ट काढायची तर त्याचं. कैऱ्या घालायच्या तर त्यात. नातवाचा पाय मुरगळला तर त्याचाच शेक. ती ते चमच्याने नाही, चिमटीने काढते, आणि पोत्याचं तोंड बांधताना आत एकदा बघून घेते.

म्हणून माझ्या गालावर जो शेक बसत होता, तो साधा शेक नव्हता. आयने तिच्याजवळचं सगळ्यात मोलाचं काढून माझ्या थोबाडावर दाबलं होतं.

दाढ शरण येऊन काही आठवडे गेले होते. मग ती उंच झाल्यासारखी वाटायला लागली. घास चावला की तिथे आधी टेकायचा. मग हिरडी फुगली, मग गाल. सुजाता म्हणाली डॉक्टर, आय म्हणाली शेक. मी म्हटलं आधी शेक, कारण शेकात सुई नसते. दोन दिवस आयने मला शेकलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते झालं, जे वर सांगितलं. तोंड उघडेना.

सुजाताने माझ्या कपाळाला हात लावला. चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"चप्पल घाला," ती म्हणाली. ओरडली नाही. त्यानेच मी घाबरलो.

"थोडं"

सुजाताने नंबर लावला होता त्या डॉक्टर केतकी आमच्या मुलीच्या वयाच्या. जुन्या बाजारपेठेच्या मागे पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. आयपण आली होती, मुठीत पुरचुंडी तशीच. कोमट होती अजून.

"काका, तोंड उघडा."

एरवी 'काका' म्हटल्याबद्दल मी तिला पाच मिनिटं सुनावलं असतं.

"तुमची दोन बोटं एकावर एक उभी धरा. तोंडात जातात का बघा."

एक कसंबसं गेलं. दुसरं बाहेरच राहिलं.

"गिळताना त्रास होतोय?"

"थोडं," मी म्हणालो.

सुजाता खुर्चीवरून उठलीच. "डॉक्टर, हा माणूस कधी 'थोडं' म्हणत नाही. डास चावला तर हत्तीने सोंड मारली म्हणून सांगतो. 'थोडं' म्हणाले म्हणजे काहीतरी भयंकर आहे."

डॉक्टरने हनुवटीखाली बोटं दाबली. तिथे मला मऊ वाटायला हवं होतं. तिथे लाकडाचा पाट बसवला होता. तिने दोन्ही बाजूंना चाचपलं, मग जीभ वर उचलायला सांगितली. ती मुळातच वर उचलल्यासारखी झाली होती. तोंडातली लाळ गिळायची तर मान पुढे काढावी लागत होती, म्हणून मी ती हळूच रुमालात सोडत होतो. तिने रुमालाकडे बघितलं.

"घरी काय काय केलंत?"

मी काही सांगण्याआधी आय बोलली. "शेकलं. मिठानं. चांगला कडक शेक दिला, दोन दिस."

"बाहेरून? गालावरून?"

"हां. हे काय," आयने पुरचुंडी वर धरली.

डॉक्टर क्षणभर थांबली. तेवढंच. पण तेवढं आयने पाहिलं.

"शेकल्यानं झालं काय हे?" आयने विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. डॉक्टर फोन फिरवत होती. "खारघरला पाठवतेय पेशंट. तोंड उघडत नाही, ताप आहे, जबड्याखाली कडक सूज, गिळता येत नाही. हो, आत्ता निघतायत." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "इथे बसू नका. दाढेचं नंतर बघू. आधी ही सूज गळ्यात उतरता कामा नये. गाडीत आडवं व्हायचं नाही, बसूनच जायचं."

"उद्या सकाळी गेलं तर..." मी सुरू केलं.

"काका," ती म्हणाली, "आत्ता."

रस्ता

गाडी सुजाताने चालवली. कळंबोलीच्या सर्कलला कंटेनर आडवे उभे होते. ते एवढे लांब होते, की एकाचा शेवट पनवेलला आणि तोंड पुण्याला असावं. हॉर्न, धूळ, पुन्हा हॉर्न. मी पुढच्या सीटवर ताठ बसून टॉवेलात लाळ सोडत होतो आणि प्रत्येक श्वास मोजूनमापून घेत होतो. श्वास ही गोष्ट आपण घेतो, ती आपोआप येत नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. नाकाने घेतला की बरा यायचा. मग मला शंका यायची, की मघापेक्षा कमी आला का? मग मुद्दाम मोठा घ्यायचो. मग वाटायचं, मोठा का घ्यावा लागला?

मनातल्या मनात कॉमेंट्री सुरू करून बघितली. 'आणि दामूशेठ क्रीजवर उभे आहेत...' पुढचं वाक्य सुचेना. हे मला कधीच झालं नव्हतं.

"बोलू नका, पण मान हलवत राहा," सुजाता म्हणाली. "मी विचारलं की हलवायची. श्वास येतोय?"

मान हलवली.

"आता?"

हलवली.

मागच्या सीटवरून आवाज नव्हता. आरशात बघितलं तर आयच्या मांडीवर ती पुरचुंडी होती आणि वर दोन्ही हात ठेवलेले होते. आता तिच्यात ऊब राहिली नसणार.

तिथे

हॉस्पिटलातलं फार वैद्यकीय सांगत नाही, मला ते कळलंही नाही. सुया, सलाईन, फोटो, आणि एक तरुण सर्जन. तो सुजाताला बाजूला घेऊन बोलला, पण माझे कान उत्तम आहेत. "दाढेचा पू खाली जबड्याच्या मागे उतरलाय. अजून सरकला तर श्वासाच्या वाटेवर येतो. म्हणून थांबायचं नाही."

ऑपरेशनला आत नेताना माझ्या डोक्यात मरण नव्हतं. माइक होता. गळ्याला सुरी लावणार, आणि मी बाहेर येईन तो फुसफुसत. उरलेलं आयुष्य मॅचमध्ये पाटीवर धावा लिहीन.

हनुवटीखाली छेद दिला, पू काढला, एक नळी ठेवली. एवढंच. पुढे मी हे सांगताना सुरी माझ्या हाताएवढी होते, पण जखम आज माझ्या करंगळीच्या पेराएवढी आहे. आजारी लोकांशी मला खोटं बोलायचं नाही.

शुद्धीत आलो तेव्हा घसा सोलून निघाल्यासारखा. नर्स दर वेळी येऊन एकच विचारायची, "नाव सांगा." मी सांगायचो. आवाज माझा नव्हता. पलीकडच्या कॉटवर उलव्याच्या एका बांधकामावरचे मुकादम होते, पाय मोडून पडलेले. नाव ऐकून म्हणाले, "ते कॉमेंट्रीवाले दामूशेठ माहितायत का तुम्हाला? काय आवाज आहे त्या माणसाचा!"

मी नुसती मान हलवली. तोंड भिंतीकडे केलं.

दारातून कॉरिडॉर दिसायचा. तिथे तीन खुर्च्या होत्या. एका टोकाला सुजाता, दुसऱ्या टोकाला आय, मधली रिकामी. सुजाता आतबाहेर करायची, औषधं आणायची, आयला विचारायची, "चहा घेता?" आय मान हलवायची, नाही. घरात दोघी एकमेकींवर ओरडायच्या तेव्हा मला वैताग यायचा. त्या खुर्च्या बघून मला वाटलं, ओरडा गं बायांनो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुजाता चहाचे दोन कप घेऊन आली आणि मधल्या खुर्चीवर बसली. एक कप आयच्या हातात दिला, विचारलं नाही.

"मीच पहिल्या दिवशी ओढत न्यायला हवं होतं," सुजाता म्हणाली.

आयने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "साखर जास्ती झाली."

"बरं," सुजाता म्हणाली. आणि मला झोप लागली. इतक्या दिवसांतली पहिली.

दाढ ठेवायची की काढायची

ताप उतरला, नळी निघाली, तोंडात आधी दीड आणि मग दोन बोटं जायला लागली. पुन्हा केतकी डॉक्टरांच्या खुर्चीत. मी हात जोडून म्हटलं, "काढून टाका. आणि काढली की मला द्या, मी तिला खाडीत फेकून येतो."

"काढता येईल," ती म्हणाली. "पण वाचण्यासारखी आहे. मुळं मजबूत आहेत. रूट कॅनाल करू."

रूट कॅनाल म्हणजे काय ते तिने प्लास्टिकच्या दातावर समजावलं. मला कळलं ते माझ्या पद्धतीने. मिठागराच्या बांधाला भोक पडलं की नको ते पाणी आत येतं. वाफा सडतो, वास मारतो. तेव्हा मिठागर कुणी खणून फेकत नाही. आत उतरायचं, चिखल उपसायचा, कोपरान् कोपरा धुवायचा, वाळवायचा, आणि बांध असा लिंपायचा की थेंब आत जाणार नाही. दाढेला मुळं असतात आणि मुळांतून केसासारखे पाट गेलेले असतात. त्यातली मेलेली नस उपसायची, पाट धुवायचे, भरायचे, वरून टोपी घालायची. दाढ तीच, जागा तीच. फक्त आत जिवंत काही नाही.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाली. "हे मी दुसऱ्या पेशंटना सांगितलं तर चालेल?"

"माझं नाव सांगून," मी म्हटलं. आवाज अजून घोगरा होता, पण वाक्य माझं होतं.

खुर्ची

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते. इंजेक्शन टोचतं. मग ओठ जड होतो, जीभ दुसऱ्या कुणाची तरी वाटते. माझ्या बाबतीत पहिल्या इंजेक्शनने दाढ पुरती झोपली नाही. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, की जिथे पू होऊन गेलाय तिथे भूल कधीकधी लवकर चढत नाही. "दुखलं की डावा हात वर करा, मी थांबणार. सहन करायचं नाही."

यंत्र सुरू झालं. तो आवाज तुम्हाला ठाऊक आहे. मी खुर्चीचे हात असे धरले होते, की ते नंतर बदलावे लागले असणार. एका ठिकाणी वीज चमकली आणि माझा हात छताला लागला.

ती थांबली. खरंच थांबली! अजून एक इंजेक्शन, आणि वाट बघणं. या थांबण्याने माझ्या मनातली अर्धी भीती गेली. कुणाला त्या खुर्चीत बसायचं असेल तर हात वर करायचं आधीच ठरवून घ्या. त्या हाताला मान देणारा डॉक्टर निवडा.

मग तोंडावर रबराचा पडदा ताणला, नुसती दाढ वर काढून. बोलायची सोय संपली. बारीक सुया आत-बाहेर, मध्येच पिचकारीने धुणं, पोहण्याच्या तलावासारखा वास. माझा जबडा थकला, मान आखडली, पण दुखलं नाही. प्रत्येक क्षणी मात्र 'आता दुखेल' वाटत राहिलं. त्या वाटण्यानेच मी घामाने भिजलो. शेवटी औषध घालून तात्पुरतं बंद केलं.

"दुखायचं थांबलं म्हणून पुढच्या वेळी गायब होऊ नका," ती म्हणाली. "बरेच जण होतात. मग भोक पुन्हा उघडतं, आणि पुन्हा तेच."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनेच पुढच्या सगळ्या तारखा पक्क्या झाल्या.

वॉशिंग मशीनच्या मागे

घरी एक वेगळीच सूज होती, आणि तिच्यावर कुणाकडे औषध नव्हतं.

गॅलरीतलं पोतं जागेवर नव्हतं. शोधलं तर वॉशिंग मशीनच्या मागे, वर जुनी चादर टाकलेली. आय जेवणात पिशवीतलं बारीक मीठ घालायला लागली होती. शेजारीण कैऱ्या घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं खडं मीठ द्या ना." आय म्हणाली, "संपलं."

आय माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती. फक्त माझ्या गालाकडे बघत नव्हती. दवाखान्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नव्हतं, आणि तिने ते स्वतःच देऊन टाकलं होतं.

मग मी माझं काम केलं. डॉक्टरने मला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. मी घरी येऊन जाहीर केलं, "आय! डॉक्टरने तुझं मीठ मागितलंय!"

"माझं?"

"गुळण्यांना. म्हणाली, पिशवीतल्या मिठात ताकद नाही. मिठागराचं खडं असेल तरच जखम भरेल. म्हणाली, मी एवढी शिकले, मोठमोठ्या शहरांत गेले, पण असं मीठ बघितलं नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या."

"पाणी?"

"थेंब. एक. पण मोठा."

आयने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मशीन सरकवलं, पोत्याचं तोंड सोडलं, एक चिमूट काढली आणि माझ्या ग्लासात टाकली. पोत्यात वाकून बघितलं नाही. तसंच बांधलं.

"शेवटच्या येळेला मी येनार," ती म्हणाली.

"कुठे?"

"दवाखान्यात. तुझ्या बरोबर."

मला परत घाम फुटला.

टोपी

पाट भरून झाले, दाढेचं माप गेलं, टोपी तयार होऊन आली. त्या दिवशी आयने ठेवणीतली साडी नेसली. दवाखान्यात ती खुर्चीच्या पायाशी स्टुलावर बसली आणि टोपी बसेपर्यंत हलली नाही. डॉक्टरने मला कागद चावायला दिला, इकडेतिकडे घासलं, पुन्हा चावायला दिला. बसली. आरशात बघितलं, तर दाढ अशी चमकत होती की खाडीतली गलबतं तिच्या उजेडावर बंदराला लागली असती.

"झालं," डॉक्टर म्हणाली. "आता या बाजूने जेवा."

मी घाईघाईने उठलो. "चल आय, रिक्षा..."

"थांब," आय म्हणाली. डॉक्टरकडे वळली. "बाय, तवा मी तुला विचारलेलं. तू बोलली नाय. माझ्या शेकानं झालं काय ह्याला?"

डॉक्टरने हातातले मोजे काढले. मी आयच्या मागे उभा राहून मान, भुवया, हात, सगळं हलवत होतो. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. आयसमोर स्टूल ओढून बसली.

"आजी, दाढ त्याच्या खूप आधी मेली होती. ती तुमच्या शेकाने नाही मेली."

"आन सूज?"

"सुजेवर बाहेरून गरम शेकायचं नसतं. आत पू असेल तर तो पसरायला मदत होते. पण शेकण्यापेक्षा ते दोन दिवस गेले ते जास्त वाईट झालं. ती चूक तुमच्या एकटीची नव्हती. दवाखाना काकांनाही माहीत होता."

आयने मान हलवली. एकदाच. मला वाटलं संपलं.

"आन गुल्ल्या?" आयने विचारलं. "त्या कंच्या मिठाच्या करायच्या?"

"गुळण्या ना? कोणतंही मीठ चालेल."

"पिशवीतलं?"

"हो, चालेल की."

आयने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. डॉक्टरच्या हातावर हात ठेवला, "बरं हाय, बाय," म्हणाली आणि जिना उतरली.

रिक्षात ती एका कडेला बसली, पदर आवरून. मी चौकापर्यंत गप्प राहिलो. माझ्यासाठी हा फार मोठा प्रवास आहे. मग राहवेना. म्हटलं, "आय, 'कोणतंही' म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा चेहरा बघितलास का? कोणतंही म्हणजे, सगळ्यांत पहिलं तुझं. बाकी पेशंटांसमोर तिला उघड बोलता येत नाही. आणि शेकाचं म्हणशील तर ती मला मागे खुणेने सांगत होती, की मिठाने दाढेची मुळं..."

आय रस्त्याकडे बघत होती.

"मी व्हते ना तिकडं," ती म्हणाली.